एकाच केबलने दोन कॉम्प्युटर जोडा, फाइली हलवा

नवा लॅपटॉप आला की जुन्या डेस्कटॉपवरचे लग्नाचे व्हिडिओ आणि वर्षानुवर्षांचे फोटो त्यात न्यायचे असतात. पेनड्राइव्हच्या खेपा घालता येतात, पण तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यात मावत नाही. दोन्ही मशीन लॅन केबलने थेट जोडली तर राउटरही लागत नाही आणि इंटरनेटही. पुढच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत.

केबल कॅट५ई किंवा कॅट६ घ्या, दोन-तीन मीटर पुरते. पूर्वी यासाठी एका टोकाच्या तारा अदलाबदल केलेली वेगळी ‘क्रॉसओव्हर’ केबल लागायची. गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचा) पोर्ट ही अदलाबदल स्वतःच करून घेतो, त्यामुळे साधी केबल चालते. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट अ‍ॅडॅप्टर घ्या. खोक्यावर ‘१०/१००’ एवढेच (म्हणजे कमाल १०० मेगाबिट) लिहिले असेल तर तो दुकानातच राहू द्या. आणि दोन्हीकडे यूएसबी-ए हे नेहमीचे चौकोनी टोक असलेली साधी केबल दोन कॉम्प्युटरमध्ये कधीही लावू नका. दोघांचे वीजपुरवठे एकमेकांना भिडतात आणि पोर्ट जळू शकतो.

आधी खाते. खरी अडचण केबलची नसते, पासवर्डची असते. विंडोजचा पिन नेटवर्कवरून चालत नाही आणि पासवर्ड नसलेल्या खात्याला बाहेरून प्रवेशच मिळत नाही. म्हणून इंटरनेट चालू असतानाच जुन्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स (विंडोज १० मध्ये ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’) इथे जाऊन एक स्थानिक, म्हणजे फक्त त्या कॉम्प्युटरपुरते, खाते उघडा. ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ आणि मग ‘अ‍ॅड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ निवडले की नाव-पासवर्ड विचारला जातो. पासवर्ड रिकामा सोडू नका.

मग पत्ता. केबल लावा, दोन्हीकडचे वायफाय बंद करा. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ इंग्रजीत टाइप करा. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४, ‘यूज द फॉलोइंग आयपी अ‍ॅड्रेस’. जुन्या मशीनला १९२.१६८.५०.१ द्या, नव्याला १९२.१६८.५०.२. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, गेटवे आणि डीएनएस रिकामे. आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत. पत्ता दिला नाही तर विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा एखादा पत्ता स्वतःच घेते. त्यावरही काम होते, पण तो दर वेळी शोधत बसावे लागते.

शेअरिंग. थेट जोडणीला विंडोज ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणते आणि सार्वजनिक जागेसारखी वागणूक देते. म्हणून जुन्या मशीनवर अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये पब्लिकच्या खाली ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. हवे ते फोल्डर, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि तिथले ‘शेअर’ बटण. नव्या खात्याचे नाव घालून परवानगी ‘रीड’ एवढीच ठेवा. नव्या लॅपटॉपवरून चुकून मूळ फोटो पुसले जाण्याची भीती राहत नाही. शेजारचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’ वापरू नका. ते फोल्डरची स्वतःची परवानगी बदलत नाही, आणि मग नाव दिसते पण उघडत नाही.

आता नव्या लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत \\१९२.१६८.५०.१ टाइप करून एंटर दाबा. नाव-पासवर्ड विचारेल तेव्हा जुन्या मशीनवर उघडलेल्या खात्याचा द्या. तो नाकारला तर नावाआधी जुन्या कॉम्प्युटरचे नाव आणि एक \ लावून पाहा.

‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ आले तर बहुतेक वेळा शेअरिंग बंद असते किंवा पत्त्यात एखादा आकडा चुकलेला असतो. पिंगला (दुसरे मशीन उत्तर देते का हे तपासणाऱ्या आज्ञेला) उत्तर आले नाही म्हणून केबल बाद ठरवू नका, शेअरिंग बंद असताना विंडोजची फायरवॉल पिंग अडवते. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर त्याची फायरवॉलही तपासा.

वेग गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळायला हवा, म्हणजे १०० जीबीला साधारण पंधरा मिनिटे. ११-१२ वरच अडकला असेल तर जोडणी १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ मेगाबिटचा एक एमबी) उतरली आहे. इथरनेटच्या स्टेटसमध्ये तसे दिसेल. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, एक तुटकी निघाली की वेग असा कोसळतो. केबल बदला. जुनी हार्डडिस्क मात्र स्वतःच हळू असते, तिथे केबलचा दोष नाही. हजारो बारीक फाइलींनाही वेळ जास्त लागतो, प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्याचा खर्च वेगळा.

कॉपी चालू असताना दोन्ही मशीन चार्जरवर ठेवा आणि स्लीप ‘नेव्हर’ करा. मध्येच तुटली तर पुन्हा कॉपी सुरू करून ‘स्किप’ निवडा, पण तुटताना जी फाइल चालू होती ती पुसून नव्याने घ्या. शेवटी दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि ‘साइज’ जुळवा. ‘साइज ऑन डिस्क’ वेगळा दिसू शकतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

काम झाले की शेअरिंग बंद करा, ते खाते काढून टाका आणि दोन्हीकडे ‘ऑब्टेन अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली’ परत निवडा. हे राहिले तर पुढे कधी राउटरची केबल लावाल तेव्हा इंटरनेट चालणार नाही.