घरातल्या नेटवर्कवर फाइल कॉपी रेंगाळतेय? आधी आकडा वाचा

लग्नाच्या व्हिडिओंचं ४० जीबीचं फोल्डर लॅपटॉपवरून आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर टाकायचंय आणि तासभर झाला तरी कॉपी संपत नाही. अशा वेळी इंटरनेटचा प्लॅन वाढवू नका. ही फाइल घराबाहेर जातच नाही, राउटरपर्यंत जाऊन आत वळते.

विंडोजच्या कॉपीच्या चौकटीत 'मोअर डिटेल्स' दाबा. तिथला वेग मेगाबाइटमध्ये असतो, राउटरच्या खोक्यावरचा मेगाबिटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून खोक्यावरच्या आकड्याला ८ ने भागायचं. गिगाबिट (म्हणजे १००० मेगाबिटच्या) केबलवर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळत असेल तर नेटवर्क ठणठणीत आहे; तेच ४० जीबी सहा-सात मिनिटांत जातात.

आकडा ११-१२ वरच अडकला असेल, तर मधे कुठेतरी १०० मेगाबिटची जोडणी आहे असं खुशाल समजा. मी सगळ्यात आधी केबल तपासतो. तिच्यात ८ तारा असतात. १०० मेगाबिटला ४ पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार क्रिंपिंगमध्ये (टोकाला प्लग दाबून बसवताना) नीट बसली नाही किंवा दाराच्या फटीत चेपली, तरी नेट चालूच राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'इथरनेट' असं जाऊन 'लिंक स्पीड' बघा, दोन्ही कॉम्प्युटरवर. १०० दिसलं तर केबल बदला. 'कॅट' हा केबलचा दर्जा; कॅट ५ई पुरेशी आहे, कॅट ८ वर पैसे घालवू नका.

केबल बदलूनही तेच? मग राउटरचे पोर्ट बघा. खोक्यावर ३०० छापलेल्या अनेक स्वस्त राउटरांचे लॅन पोर्ट (केबल लावायची भोकं) १०० मेगाबिटचेच असतात. ते ३०० वाय-फायचे. राउटर टाकून देऊ नका. पाच पोर्टचा छोटा गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या केबली एकमेकींना जोडणारा डबा) आणा, दोन्ही कॉम्प्युटर त्याला जोडा आणि स्विचमधून एक केबल राउटरला द्या.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर असतील तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो: एकदा राउटरकडे, एकदा राउटरकडून. वेग साधारण निम्मा होतो. निदान एकाला तरी केबल लावा. ते जमत नसेल तर दोन्हींसाठी वाय-फायच्या २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडा.

लिंक १००० दाखवतेय आणि तरी कॉपी हळू? 'आयपर्फ ३' हे मोफत साधन दोन्हीकडे चालवा. ते डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्क मोजतं. त्यात ९०० मेगाबिटच्या वर आलं, तर अडचण डिस्कची किंवा फाइलींची आहे. यूएसबी २.० ला लावलेली बाहेरची डिस्क ३५-४० मेगाबाइटच्या पुढे सहसा जात नाही, ती ३.० च्या पोर्टला लावा.

आणि हजारो बारीक फोटो असतील तर प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो. आधी त्यांची एकच झिप करा, कॉम्प्रेशन बंद ठेवून, कारण जेपीईजी फोटो आणखी फारसे आकसत नाहीत. मग ती एक फाइल पाठवा.