प्रॉक्सीनं रॅम खाल्ली म्हणताय? या चुका टाळा

सोमवारी सकाळी साडेदहाला लॅबमधल्या मामांचा फोन. "सर, नेट परत बसलंय. डबा बंद-चालू करून बघितला की मी. पंधरा-वीस मिनिटं बरं चाललं, मग पुन्हा तसंच."

"मामा, डब्यावरचा डिस्कचा दिवा बघा. लुकलुकतोय का?"

"लुकलुकतोय कसला, विझंनाच झालाय."

राजारामपुरीतून गाडी काढून लॅबपर्यंत जाईस्तोवर उत्तर सापडलं होतं. न विझणारा दिवा म्हणजे रॅम संपून मशीन स्वॅपवर गेलंय, रॅमचं काम संथ डिस्ककडून करून घेतंय. आणि घोळ माझाच होता. वर्षभरापूर्वी ५०० जीबीची डिस्क रिकामी दिसली म्हणून मी स्क्विडला, म्हणजे सगळ्या लॅबचं नेट ज्यातून जातं आणि जो एकदा आणलेल्या गोष्टी साठवून ठेवतो त्या प्रॉक्सी सॉफ्टवेअरला, त्यातले ३०० जीबी साठ्यासाठी, म्हणजे कॅशसाठी, देऊन टाकले होते. रॅम किती? ४ जीबी.

गोष्ट २०१४ ची. पण उद्यमनगर असो की शिरोली, छोट्या ऑफिसांत आजही कपाटामागे एक जुना डेस्कटॉप असतो, त्यावर उबुंटू, त्यावर स्क्विड, आणि तक्रार तीच. "मेमरी लीक आहे," म्हणजे प्रोग्राम रॅम घेतो आणि सोडतच नाही, असं सांगणारे दहा जण भेटले तर नऊ ठिकाणी गळती नसते, आपणच नळ सोडलेला असतो.

पहिली गफलत तर बघण्यातच होते. रॅम किती उरली ते दाखवणारी फ्री-एम कमांड मारली, 'फ्री' रकान्यात दीडशे एमबी दिसले, की लोक घाबरतात. लिनक्स रिकामी रॅम पडू देत नाही, फायलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की परत देतो. बघायचा तो 'अव्हेलेबल' रकाना. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्येही 'व्हर्ट'चा (नुसत्या मागून ठेवलेल्या मेमरीचा) आकडा सोडा, 'रेस' (खरोखर रॅममध्ये असलेली) बघा. (आणि ऑफिसात "कॅश फुल झालीय" असं मोठ्यानं म्हणू नका. एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंटवाले काका तिजोरीकडं बघायला लागले होते.)

आता स्क्विडच्या सेटिंगमधली कॅश_मेम. हे नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं! सगळ्यांना वाटतं, इथं ५१२ एमबी लिहिलं की स्क्विड ५१२ च्या वर जाणार नाही. तसं नाही. मुळात २५६ एमबी असलेली ही मर्यादा फक्त वस्तूंच्या (म्हणजे पानं, चित्रं, फायली यांच्या) रॅममधल्या साठ्याची आहे: सध्या ये-जा चालू असलेल्या, वारंवार मागितल्या जाणाऱ्या, आणि 'सापडलं नाही' असं उत्तर आलेल्या. बाकीचा संसार वेगळा. डिस्कवरच्या वस्तूंची अनुक्रमणिका, डीएनएसची (साइटच्या नावांच्या पत्त्यांची) नोंद, प्रत्येक कनेक्शनचे बफर, फिल्टरच्या याद्या, सगळं या आकड्याच्या बाहेर. म्हणून ४ जीबीच्या मशीनवर कॅश_मेमला ३ जीबी देणारा माणूस स्वतःच्या हातानं खड्डा खणतो. मी आता अशा मशीनवर ५१२ एमबीच्या वर जात नाही.

पण सगळ्यात जास्त मंडळी अडकतात ती अनुक्रमणिकेत, म्हणून इथं जरा थांबतो.

मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. गोदामात रवे, आणि टेबलावर एक वही. रवा एक किलोचा असो की तीस किलोचा, वहीत ओळ एकच. कोणता रवा कुठं आहे हे गोदामात न जाता सांगता यावं म्हणून वही सदा टेबलावर उघडी. गोदाम म्हणजे डिस्क, टेबल म्हणजे रॅम. गोदाम दसपट केलं तर वहीही दसपट होणार, आणि टेबल मात्र तेवढंच.

स्क्विडचा हिशोब असा: ६४ बिटच्या मशीनवर डिस्कवरच्या दर १ जीबी कॅशमागं साधारण १४ एमबी रॅम. यात वस्तूचा सरासरी आकार १३ केबी धरलाय, म्हणजे एका जीबीत सुमारे ८० हजार वस्तू. वस्तू मोठ्या असतील तर रॅम कमी लागते, बारीकसारीक आयकॉन भरले असतील तर जास्त. आता माझे ३०० जीबी गुणा १४ करा: ४,२०० एमबी. चार जीबीच्या मशीनवर!

मग वर्षभर कसं चाललं? कारण गोदाम रिकामं होतं. डिस्क जशी भरत गेली तशी वही जाड होत गेली. रोज थोडी थोडी रॅम वाढत होती, अगदी गळतीसारखी. डिस्क पाऊण भरली तेव्हा नुसत्या वहीला ३ जीबीच्या वर रॅम लागू लागली, त्यात माझी १ जीबीची कॅश_मेम. झालं, स्वॅप.

गळती आणि वही ओळखायची एक सोपी खूण मामांनीच फोनवर सांगितली होती. रीस्टार्ट केल्यावर स्क्विड डिस्कवरच्या स्वॅप डॉट स्टेट फायलीवरून सगळी वही पुन्हा रॅममध्ये लिहून काढतो. ते संपलं की कॅश डॉट लॉगमध्ये 'फिनिश्ड रिबिल्डिंग स्टोरेज फ्रॉम डिस्क' अशी ओळ येते. त्या ओळीपर्यंत रॅम भराभर चढली आणि मग स्थिरावली, तर ती वही. रीस्टार्टनंतर खाली आली आणि वस्तूंची संख्या तेवढीच असताना दिवसेंदिवस चढतच राहिली, तर गळतीचा संशय घ्यावा. वस्तूंची संख्या बघायला स्क्विडसोबत येणाऱ्या स्क्विडक्लायंट कमांडनं एमजीआर-इन्फो हे माहितीचं पान मागवा. नव्या आवृत्तीत, म्हणजे ७ मध्ये, हा क्लायंट काढून टाकलाय, तिथं कर्ल कमांडनं तेच पान आणता येतं. त्यात 'स्टोअरएंट्रीज'चा आकडा वहीच्या ओळींचा. तिथंच 'पेज फॉल्ट्स विथ फिजिकल आयओ' असतं. मेमरीसाठी डिस्ककडं धावावं लागल्याचा तो आकडा सारखा पळत असेल तर मामांचा दिवा विझणार नाही.

यावर रोज पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीतून) रीस्टार्ट लावणारे महाभाग आहेत. वही परत लिहायची मेहनत तेवढी वाढते, बाकी फरक शून्य.

साइट अडवणाऱ्या फिल्टरवाल्यांसाठी दोन शब्द. इंटरनेटवरून लाखभर ओळींची ब्लॉकलिस्ट उतरवून ती रेगेक्समध्ये (नमुना जुळवण्याच्या नियमांत) घालू नका, रॅमही जाते आणि सीपीयूही. नुसती डोमेन, म्हणजे साइटची नावं, असतील तर स्क्विडचा डीएसटी-डोमेन हा नियम वापरा. आणि मागितलेला पत्ता तपासून बदलणाऱ्या युआरएल रीराइटची पोरं, म्हणजे चिल्ड्रन, ३२-३२ ठेवू नका. प्रत्येक पोरगं ही वेगळी प्रोसेस, आणि यादी साध्या टेक्स्टमधून वाचत असेल तर प्रत्येकाच्या पोटात वेगळी प्रत. टॉपमध्ये एकट्या स्क्विडची ओळ बघून हे कळत नाही, बेरीज करावी लागते.

आणखी एक चकवा. कॅश_मेम कमी केली, रीकॉन्फिगर दिलं (स्क्विड बंद न करता सेटिंग परत वाचायला लावलं), तरी रेसचा आकडा हलत नाही. एकदा घेतलेली मेमरी प्रोसेस सहसा जशीच्या तशी परत देत नाही. सेटिंग चुकलं असं समजून पुन्हा पुन्हा कमी करत बसू नका, एकदा नीट रीस्टार्ट करा आणि मग मोजा.

आता मुद्द्याचं: एवढी मोठी कॅश हवीय कशाला? ॲक्सेस डॉट लॉग उघडा आणि 'टीसीपी टनेल' किती ओळींत आहे ते मोजा. एचटीटीपीएसचं ट्रॅफिक प्रॉक्सीतून बोगद्यासारखं जातं, आत काय आहे ते स्क्विडला दिसत नाही, मग साठवणार काय? माझ्याकडं येणाऱ्या ऑफिसांत बहुतेक लॉग टनेलनंच भरलेला असतो. लॅबमध्ये उबुंटूची मशीनं असतील तर मात्र एपीटीची (उबुंटूच्या अपडेटची) पॅकेजं साध्या एचटीटीपीवरून येतात, आणि तीस मशीनं एकदम अपडेट करताना कॅशचा खरा उपयोग होतो. त्यासाठी मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ मूळच्या ४ एमबीवरून वाढवावी लागेल, नाहीतर मोठी पॅकेजं साठणारच नाहीत. ती वाढवा, पण नावात पुढं 'इन_मेमरी' असलेली तिची बहीण ५१२ केबीवर आहे तिथंच राहू द्या. घाईत लोक दोन्ही वाढवतात.

लॅबचा आकडा मी त्या दिवशी ३०० वरून २० जीबीवर आणला. वही पूर्ण भरली तरी २८० एमबी. नुसता आकडा कमी केला असता तर स्क्विड जुन्या वस्तू सावकाश पुसत बसला असता आणि तोवर पूर्ण वही रॅममध्येच. म्हणून स्क्विड बंद केला, जुन्या कॅश फोल्डरचं नाव बदललं, नवं फोल्डर करून मालकी स्क्विडच्या युजरकडं दिली, स्क्विड-झेड चालवून आतली फोल्डरं बनवली आणि सुरू केला. जुनं फोल्डर रात्री लॅब बंद झाल्यावर पुसायला लावलं. लाखो बारीक फायली होत्या, सकाळी मामा कुलूप काढायला आले तरी पुसणं चालूच होतं.