चालकाविना धावणारी गाडी रस्ता कसा ओळखते, हे कसे तपासावे

एखाद्या गाडीच्या स्वयंचालनाचा दावा पारखायचा असेल, तर सर्वप्रथम ती कुठे चालते ते पाहावे. वेमो या अमेरिकी कंपनीची चालकाविना धावणारी टॅक्सी फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को अशा निवडक शहरांत आखलेल्या हद्दीतच प्रवासी घेते. टेस्लाच्या ग्राहकांना मिळणारी 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' प्रणाली मात्र अशा हद्दीने बांधलेली नाही, पण चालकाने सतत लक्ष ठेवावे अशी तिची अट आहे.

त्यानंतर गाडीला स्वतःची जागा कशी कळते, हे विचारावे. जीपीएसमध्ये काही मीटरांची चूक संभवते आणि आपण कोणत्या लेनमध्ये आहोत हे ठरवायला ती फार मोठी आहे. म्हणून वेमो लेझरने अंतर मोजणाऱ्या लायडरच्या साहाय्याने रस्ते आधीच मोजून पदपथाच्या कडा, लेनच्या रेषा आणि सिग्नल यांचा त्रिमितीय नकाशा तयार करते, आणि धावती गाडी समोरचे दृश्य त्या नकाशाशी जुळवून आपली जागा सेंटिमीटरांच्या अचूकतेने ठरवते. टेस्लाचा भर कॅमेऱ्यांवर आहे. उत्तर अमेरिकेतील मॉडेल 3 आणि मॉडेल वाय या गाड्यांतून तिने 2021 मध्ये रडारही काढून टाकले. साधा कॅमेरा अंतर थेट मोजत नाही, ते चित्रावरून अनुमानाने काढावे लागते. त्यामुळे समोरून येणारे ऊन, धुके किंवा मळलेली काच असताना प्रणाली काय करते, हे आवर्जून तपासावे. नकाशावर विसंबणाऱ्या गाडीबाबत मात्र रस्त्याचे काम निघून लेन सरकली असेल तर ती कोणावर विश्वास ठेवते, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्या क्षणी डोळ्यांना दिसते तेच प्रमाण मानले पाहिजे, आणि त्यासाठी वेमोच्या गाडीतही कॅमेरे आणि रडार असतातच.

केवळ नकाशा आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. जनरल मोटर्सची 2017 मध्ये आलेली सुपर क्रूझ प्रणाली लायडरने मोजलेल्या महामार्गांवर चालते, तरीही स्वयंचालनाच्या शून्य ते पाच पातळ्यांत ती दुसऱ्या पातळीचीच आहे. स्टिअरिंगवरून हात काढता येतात, नजर रस्त्यावरून काढता येत नाही, आणि चालकाकडे रोखलेला कॅमेरा तेवढे पाहत राहतो. म्हणून एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या या पातळ्यांपैकी गाडीची पातळी कोणती, हे शेवटी पाहावे. दुसऱ्या पातळीपर्यंत रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी चालकाचीच असते, आणि प्रणाली कोणत्या परिस्थितीत काम थांबवते हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत वाचल्याशिवाय ती सुरू करू नये.