वेल-बीइंग सर्व्हेसाठी रिसर्चर घेताय? आधी एक खराब फाइल द्या

ऐरोली, महापे साइडच्या ऑफिसांत हल्ली वर्क-लाइफ बॅलन्सचा अभ्यास करायला क्वांटवाला, म्हणजे आकडेवारीवाला माणूस शोधतात आणि इंटरव्ह्यूत विचारतात काय, तर एसपीएसएस येतं का, आर येतं का, म्हणजे आकडेवारीची सॉफ्टवेअरं. अहो ते शिकता येतं. त्यापेक्षा शंभर-दीडशे ओळींची नावं वगळलेली एक्सेल द्या, त्यात मुद्दाम रिकामे रकाने, दोनदा आलेल्या एन्ट्र्या, वय २५० असलं काहीतरी टाका आणि तासभर बसू द्या. जो लगेच ग्राफ काढायला धावतो तो नको, जो आधी विचारतो की ज्यांनी फॉर्म भरलाच नाही ते कोण होते, त्याला धरा. कारण रात्री नऊला ठाणे-वाशी लोकलमध्ये लटकून घरी जाणारा माणूस तुमचा फॉर्म भरतच नाही, आणि मग रिपोर्टात सगळे आनंदी!

दुसरं, डब्ल्यूएचओ-५ बद्दल विचारा, म्हणजे माणसाला मनाने किती बरं वाटतंय ते मोजणारी जागतिक आरोग्य संघटनेची छोटी प्रश्नावली. पाचच प्रश्न, बेरीज शून्य ते २५, चारने गुणलं की १०० पैकी स्कोअर. तो ५० च्या खाली आला म्हणजे डिप्रेशनच, असं छातीठोक सांगणारा कॅंडिडेट असेल तर राम राम करा, ती फक्त पुढे तपासायची खूण आहे.

आणि हो, चार जणांच्या टीमचा वेगळा आकडा एचआरला हवा असेल तर कॅंडिडेट 'देणार नाही' म्हणतो का बघा. चौघांत कोण काय बोललं ते लगेच कळतं ना.