शहर सोडून बेळगाव सीमाभागातील गावात स्थायिक होताना

मुंबई, पुणे किंवा बंगळूर सोडून गावात राहायला जाण्याचा विचार करणाऱ्यांत परंपरानिष्ठ वळणाच्या कुटुंबांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे आहे. दिवेलागणीला घरात शुभंकरोती व्हावी, मुले मराठी शाळेत जावीत, सण सोसायटीच्या सभागृहाऐवजी देवळात साजरे व्हावेत, आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर एकाच घरात राहावे, अशा त्यांच्या साध्या अपेक्षा असतात आणि महानगरात त्या पुऱ्या होत नाहीत. खानापूर, बेळगाव आणि निपाणी परिसरातील मराठी गावांकडे त्यांचे लक्ष वळते ते यामुळेच. तथापि येथील गावांनी परंपरा टिकवली आहे ती वर्गणी देऊन, वेळ मोडून आणि एकमेकांच्या धाकात राहून. ज्या कुटुंबाला ही किंमत मोजायची तयारी आहे, त्याच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. ज्याला केवळ शांतता हवी आहे, त्याने शहराच्या कडेला एखादा बंगला घेतलेला बरा.

कोणता पट्टा निवडावा

सीमाभाग हा एकसारखा मुलूख नाही. खानापूर तालुक्याचा पश्चिम व दक्षिण भाग, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, लोंढा हा परिसर, सह्याद्रीच्या जंगलाचा आहे. येथील पावसाळा पुण्याच्या माणसाने कल्पना केली असेल त्याहून फार मोठा असतो, मलप्रभेचा उगम कणकुंबीलाच आहे, आणि गवे, अस्वले व हत्ती पिकांत येणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. भीमगड अभयारण्य 2011 साली घोषित झाले असून त्याच्या हद्दीतील वाड्यांच्या पुनर्वसनाचा विषय चालू आहे, त्यामुळे तेथील घर किंवा जमीन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यातही खानापूर तालुक्यातील अनेक गावे आहेत. या मसुद्याने राहत्या घराच्या दुरुस्तीला बंदी येत नाही, मात्र तेथे मोठे बांधकाम किंवा रिसॉर्ट काढण्याचा बेत मनात असेल तर तो सोडून द्यावा.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील, उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील गावे, उदाहरणार्थ उचगाव, कडोली, बेळगुंदी, येळ्ळूर, ही नव्याने येणाऱ्या कुटुंबाला सर्वांत सोयीची आहेत असे माझे मत आहे. भात, रताळी आणि बटाटे पिकवणारी ही गावे मराठी साहित्य संमेलने स्वतःच्या हिमतीवर भरवतात, तालीम आणि भजनी मंडळे चालवतात, आणि आजारपणात मोठे इस्पितळ तासाभरात गाठता येते. गैरसोय एवढीच की बेळगाव शहर त्यांच्या दिशेने पसरत असल्याने जमिनीचे भाव चढे आहेत आणि ज्या शांततेसाठी आपण आलो ती दहा वर्षांनी तेथे उरेलच असे नाही. निपाणी आणि चिकोडीकडचा भाग ऊस आणि तंबाखूचा, पैशाने सुस्थितीतील, कोल्हापूरला जवळचा आहे. तेथे मराठी आणि कन्नड एकाच घरात, एकाच वाक्यात नांदतात आणि लिंगायत व जैन समाज मोठा आहे. ज्यांना संपूर्ण मराठी वातावरण हवे त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

नोकरी पुण्यात किंवा बंगळुरात ठेवून येणाऱ्यांसाठी रेल्वेची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. हुबळी–पुणे वंदे भारत 2024 पासून बेळगावला थांबते आणि बेळगाव–बंगळूर वंदे भारत 2025 मध्ये सुरू झाली. परंतु घरून काम करायचे असेल तर जंगलपट्ट्यातील गावात मोबाइलची रेंज कोणत्या खोलीत येते हे स्वतः उभे राहून तपासावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

आधी भाड्याने राहावे, आणि तेही पावसाळ्यात

जागा घेण्यापूर्वी एक वर्ष भाड्याच्या घरात काढावे. हे वर्ष जूनमध्ये सुरू करावे, कारण दिवाळीनंतरचे गाव सर्वांनाच आवडते. जुन्या कौलारू घराच्या भिंतींना ओल येते, वीज सलग दोन-दोन दिवस जाते, चिखलाने गाडी गल्लीच्या तोंडाशीच ठेवावी लागते आणि घरातील वृद्ध माणूस आठवडाभर उंबऱ्याबाहेर पडू शकत नाही. हे सारे सोसूनही घरातील बायकांना, विशेषतः सुनेला, येथे राहावेसे वाटते का, हा खरा प्रश्न असतो. पुरुषांनी परंपरेच्या ओढीने निर्णय घ्यावा आणि पाणी, चूल व पाहुणे यांचा भार मात्र बायकांवर पडावा, असे घडते, आणि अशी कुटुंबे पुन्हा शहराकडे वळतात.

गावाची रीत

येथील गावांत देवस्की पंच कमिटी असते आणि धार्मिक बाबतीत तिचा शब्द चालतो. कमिटीत कोण आहेत, पूजेचे व मानाचे हक्क कोणत्या घराण्यांकडे आहेत आणि वर्गणी घरटी आहे की जमिनीवर, ही चौकशी घर भाड्याने घेतानाच करावी. पहिल्या महिन्यात एखाद्या जाणत्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन पंचांना भेटावे, देवळात नारळ द्यावा आणि आपण कोण, कुठले, कशासाठी आलो हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. तसे न केल्यास गाव आपल्या परीने माहिती काढतेच, आणि ती बहुधा चुकीची असते.

वार पाळणूक हा प्रकार शहरातून आलेल्यांना नवा असतो. गावाने ठरवलेल्या काळात आठवड्यातील ठरावीक वारी, बहुधा मंगळवारी किंवा शुक्रवारी, कोणीही औत धरत नाही आणि शेतातील कामे बंद राहतात. काही गावांत शेवटच्या वारी सारी माणसे घरे बंद करून शिवारात जातात आणि तेथेच चुली मांडतात. त्या दिवशी आपल्या घरी गवंडी लावू नये, बोअर मारू नये आणि ट्रॅक्टर बोलावू नये. आपली श्रद्धा या प्रकारावर आहे की नाही हे कोणी विचारत नाही, पण आपल्या अंगणातून यंत्राचा आवाज आला तर तो सर्वांच्या लक्षात राहतो.

महालक्ष्मी यात्रा ही त्याहून मोठी गोष्ट आहे. ती अनेक गावांत दरवर्षी न भरता काही वर्षांच्या अंतराने भरते, त्यामुळे यात्रा आली की घरांना रंग लागतो, गल्ल्या दुरुस्त होतात आणि लग्न करून गेलेल्या लेकी मुलाबाळांसह माहेरी येतात. अक्षतारोपण, म्हणजे देवीचे लग्न, झाल्यावर देवी गावातून फिरते, गदगेवर म्हणजे यात्रेपुरत्या मांडलेल्या आसनावर बसते, बायका ओटी भरतात आणि अखेरच्या दिवशी देवी गावच्या सीमेकडे जाते. या दिवसांत प्रत्येक घरी पाहुण्यांच्या पंगती उठतात आणि बहुतेक घरांत बकरे पडते. सात्त्विक आहाराच्या आणि शुचितेच्या कल्पना घेऊन आलेल्या कुटुंबाने याची मनाशी आधीच तयारी करावी. आपल्या घरी शाकाहारी पंगत ठेवण्यास कोणाची हरकत नसते, फक्त शेजाऱ्याच्या मटणाला नाक मुरडू नये, कारण त्याच्या दृष्टीने परंपरा ती हीच. यात्रेची वर्गणी हजारांत जाऊ शकते, म्हणून मागील यात्रा कधी झाली आणि पुढची कधी आहे हे विचारून घरखर्चात तिची तरतूद करावी.

ज्यांना भजन-कीर्तनाची आवड आहे त्यांना मात्र येथे काही कमी पडणार नाही. वारकरी परंपरा गावोगाव रुजलेली आहे, ज्ञानेश्वरीची पारायणे होतात आणि पंढरीला दिंड्या जातात. पारायणाला नुसते श्रोता म्हणून न बसता पहारा, वाढप किंवा भांडी यांपैकी एखादे काम मागून घेतले, तर दोन वर्षांत जी ओळख होणार नाही ती सात दिवसांत होते.

जातीचा विषयही येथेच सांगितला पाहिजे. गल्ल्या बऱ्याच अंशी समाजवार वसलेल्या आहेत आणि घर कोणत्या गल्लीत घेतले यावर पुढचे अनेक संबंध ठरतात. जुने सारे चांगले असे मानून आलेल्या माणसाने जुन्यातील हा भागही उघड्या डोळ्यांनी पाहावा आणि आपल्या घरी कोणाचे येणे-जाणे राहील हे गावाच्या नव्हे तर स्वतःच्या विवेकाने ठरवावे.

जमिनीचे कागद

कर्नाटकात पूर्वी बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नसे. भूसुधारणा कायद्यातील 79अ आणि 79ब ही कलमे 2020 च्या दुरुस्तीने रद्द झाल्याने ती अडचण दूर झाली आहे, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला मुंबईकरही येथे शेत घेऊ शकतो. मात्र व्यवहार सोपा झाला म्हणून कागद सोपे झालेले नाहीत.

येथील उतारा कन्नडमध्ये असतो. त्याचे वाचन एजंटाकडून न करून घेता स्वतंत्र वकिलाकडून करून घ्यावे. उताऱ्यावर अनेकदा एकाच सर्व्हे नंबरात पाच-सहा नावे दिसतात आणि विकणारा मात्र बांधाकडे बोट दाखवून आपला हिस्सा सांगतो. अशा वेळी त्या हिश्श्याचा 11ई नकाशा, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. मूळ मालक मयत असेल तर पौती खाते करून वारसांची नावे लागली आहेत का ते पाहावे, आणि वारसांत बहिणींची नावे आहेत याची खात्री करावी. "बहिणींचं काही नाही हो, त्या सही देतील" हे वाक्य येथे हमखास ऐकू येते. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो आणखी स्पष्ट केला आहे, म्हणून सब-रजिस्ट्रारसमोर सर्व बहिणींची सही झाल्याशिवाय इसार म्हणून मोठी रक्कम देऊ नये.

सर्वांत मोठा धोका सरकारकडून अनुसूचित जाती-जमातींना मिळालेल्या जमिनींचा असतो. कर्नाटकातील 1978 च्या कायद्यानुसार अशी जमीन शासनाच्या परवानगीविना विकता येत नाही, विक्री झाली तरी ती रद्द होऊन जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते, आणि 2023 च्या दुरुस्तीने असा दावा करण्यास काळाची मर्यादा ठेवलेली नाही. यासाठी जुन्या फेरफार नोंदी मागे मागे जाऊन, जमीन मुळात कोणाला कशी मिळाली तेथपर्यंत तपासाव्यात. देवस्थान इनाम आणि गायरान यांच्या वाटेला तर जाऊच नये, मग सांगणारा पंच असो वा पुढारी. गावठाणातील घर घेताना ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तू उतारा, म्हणजे मिळकतीचा संगणकीकृत उतारा, पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) स्वतः मागवावा, आणि शेतात घर बांधायचे असेल तर आधी जमीन एन.ए. (बिगरशेती) करून घ्यावी.

मुलांची शाळा

सरकारी मराठी प्राथमिक शाळा येथे आहेत आणि दहावीची परीक्षाही मराठी माध्यमातून देता येते. त्याबरोबर 2015 च्या कायद्याने कर्नाटकातील सर्व शाळांत कन्नड शिकवणे बंधनकारक आहे. सहावी-सातवीत आलेल्या मुलाला हे जड जाते, म्हणून स्थलांतर मुले लहान असतानाच करावे. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. कर्नाटकातील अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांच्या सरकारी कोट्यासाठी प्रमुख अट अशी की विद्यार्थ्याने इयत्ता पहिलीपासून दुसऱ्या पी.यु.सी.पर्यंत (म्हणजे बारावीपर्यंत) किमान 7 शैक्षणिक वर्षे राज्यात शिकलेले असावे आणि दहावी किंवा पी.यु.सी. येथूनच उत्तीर्ण केलेली असावी. आठवीत आलेला मुलगा या हिशेबात बसत नाही, आणि दहावी-बारावी कर्नाटकातून केल्यावर महाराष्ट्रातील प्रवेशही सरळ राहत नाही. महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी तेथील प्रवेशप्रक्रियेत वेगळी तरतूद आहे. तिच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच निर्णय घ्यावा.

सीमाप्रश्न आणि कचेरी

हा मराठी भाग कर्नाटकात असावा की महाराष्ट्रात, हा वाद जुना आहे; त्यावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा आणि महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातील दावा 2004 चा आहे. येथील मराठी घरांनी या प्रश्नासाठी पिढ्यान्पिढ्या लाठ्या आणि खटले सोसले आहेत. नव्याने आलेल्याने त्याविषयी आदराने ऐकावे. स्वतः बोलण्याची घाई करू नये, आणि समाजमाध्यमांवर पराक्रम तर मुळीच गाजवू नयेत, कारण त्याचे परिणाम गावातील तरुणांना भोगावे लागतात. ग्रामपंचायत, तहसील आणि हेस्कॉम (वीज कंपनी) यांचे कामकाज कन्नडमध्ये चालते. अर्ज वाचता येण्याइतके आणि कारकुनाशी चार वाक्ये बोलण्याइतके कन्नड पहिल्याच वर्षी शिकावे. मराठी टिकवण्यासाठी आलेल्या माणसालाही त्यात कमीपणा नाही, शेजारचा मराठी शेतकरी रोज तेच करतो.

पत्ता बदलण्याची कामे मात्र रेंगाळू देऊ नयेत. आधारवर कर्नाटकचा पत्ता आला की घरातील बायकांना राज्यात साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो आणि रेशन कार्डाचा अर्जही मार्गी लागतो. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी 12 महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल तर तिची येथे नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओचा ना हरकत दाखला शहर सोडण्यापूर्वीच घेऊन ठेवावा, म्हणजे केवळ एका कागदासाठी पुण्याची फेरी पडत नाही.