विकास आराखड्यावर हरकत घेताय? या चुका टाळा

शहरातल्या कोणत्या जागेवर काय होणार हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याचा कच्चा मसुदा, म्हणजे प्रारूप आराखडा, प्रसिद्ध झाला की दर वेळी तेच. पहिले तीन आठवडे सगळे गप्प आणि शेवटच्या दोन दिवसांत आवक खिडकीवर झुंबड. हरकतीसाठी साधारणपणे ३० दिवस मिळतात, ते राजपत्रातल्या सूचनेपासून. तुमच्या ग्रुपवर बातमी आली त्या दिवसापासून नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जागा बोलीभाषेत सांगणं. आम्हीच ती केली होती. आमच्या घरांमागे खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं, म्हणजे आराखड्यात जागा मैदानासाठी राखून ठेवलेली, नव्या प्रारूपात ते निम्मं कापलेलं. आम्ही दोन पानी कळकळीचं पत्र दिलं. मुलं कुठे खेळणार, म्हाताऱ्यांनी कुठे फिरायचं, सगळं त्यात. सुनावणीला समितीतल्या बाईंनी नकाशा पसरला आणि विचारलं, "सर्व्हे नंबर?" आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. एक काका म्हणाले, "अहो मॅडम, दत्तमंदिराच्या मागे." नकाशात दत्तमंदिर नव्हतं. शोधाशोधीतच वेळ संपला, पुढच्या माणसाचा पुकारा झाला. नंतर कळलं, मैदान दोन सर्व्हे नंबरांत पसरलेलं आणि आमचं पत्र भलत्याच आरक्षणाच्या गठ्ठ्यात लावलेलं. निम्मं मैदान गेलं ते गेलंच.

तेव्हापासून मी आधी नगररचना विभागात जाऊन भाग नकाशा बघतो. जुन्या आराखड्याशी ताडतो. सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक पत्राच्या पहिल्या ओळीत लिहितो, आणि नकाशाच्या तुकड्याची झेरॉक्स लाल पेनाने खूण करून जोडतो. अर्धा दिवस जातो. "काका, तयार फॉरमॅट पाठवा ना" म्हणणाऱ्या पोरांना हा अर्धा दिवस नको असतो.

त्या फॉरमॅटबद्दलही बोलायलाच हवं. एकच मजकूर, खाली दोनशे वेगळ्या सह्या, की झालं आंदोलन! मुद्दा मात्र एकच राहतो. सुनावणीची पत्रं दोनशे जणांना जातात, येतात सहा. रिकाम्या खुर्च्या समितीलाही दिसतात. त्यापेक्षा दहाच हरकती द्या, पण दहा वेगळ्या: एकीत रस्त्याची रुंदी, दुसरीत नाला, तिसरीत शाळेची पटसंख्या.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही.

नगरसेवकाच्या कानावर घातलं म्हणजे काम झालं, हाही भ्रमच. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि जास्तीत जास्त चार बाहेरचे जाणकार. त्यांच्यासमोर भाषण ठोकू नका. आणि समिती फक्त अहवाल देते. तिथे कुणी मान डोलावली म्हणून पेढे वाटू नका.

चौकात शिल्प किंवा पुतळा हवा असणारे तर आधी वर्गणी काढून चौथराच बांधतात. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या इतर जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे. जागा योग्य असली तरी मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. आमच्याकडच्या एका चौथऱ्यावर गेली काही वर्षं रिक्षावाले डबा खातात.