माइनक्राफ्ट गेम खरंच अवघड करायचाय?

भाऊ, अवघड म्हणजे नुसते झोंबी वाढवणं नाही, त्यानं बोटं दुखतात बाकी काही नाही. सेटिंगमध्ये ईझी, नॉर्मल, हार्ड अशा पातळ्या असतात, सरळ हार्ड लावा. ईझीवर उपाशी राहिलं तरी दहापैकी पाच हार्ट (जीव मोजायची बदामं) उरतात, नॉर्मलवर अर्धंच हार्ट, हार्डवर मात्र भूक जीवच घेते, म्हणून गहू आधी पेरा, अन् लाकडी दार झोंबी तोडतात म्हणून लोखंडाचं बसवा, बटण आत-बाहेर दोन्हीकडे. ते जमलं की नॅचरल रीजनरेशन (जीव आपोआप भरणं) बंद करा, मग पोटभर खाल्लं तरी हार्ट भरत नाही, सोनेरी सफरचंद नाहीतर जीव भरणारं पोशन, म्हणजे जादूचं औषध, शोधत फिरा, खरी मजा इथंच. हार्डकोर मोड मात्र हिवाळ्यात खेळा, त्यात जीव एकच असतो, जळगावच्या मे महिन्यात मोबाईल तापून अडकला अन् शेजारी क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) असला की वर्ल्ड गेलंच समजा.